वाशिष्ठीतून कनू : गोवळकोट ते दाभोळ, कधी निघावं?

वल्हंमारे_पाच

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही पाच जण पुण्याचे, सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. गेल्या वर्षी कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला गेलो होतो. शेवटच्या संथ टप्प्यात तिथल्या पोराने अर्धा तास कनू (वल्ह्याची लांबट, उघडी होडी) चालवायला दिली. परत आल्यावर राफ्ट विसरलो आणि ती कनूच डोक्यात राहिली. वल्हं पाण्यात बुडल्याचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नाही.

तर आता हवा भरायच्या दोन कनू घेतल्यात (एक तिघांची, एक दोघांची) आणि पवनेच्या जलाशयात चार रविवार हात दुखवून घेतलेत. बेत असा : चिपळूणजवळच्या गोवळकोटहून निघायचं, वाशिष्ठीतून खाडीने खाली दाभोळपर्यंत. नकाशावर दोरा ठेवून मोजलं तर चाळीसेक किलोमीटर भरतात. दोन दिवस, मध्ये एक मुक्काम काठावरच्या एखाद्या घरात.

भांडण महिन्यावरून आहे. एक म्हणतो दिवाळीची सुट्टी, एक म्हणतो नाताळ, एकाला गौरी-गणपती उरकले की लगेच हवंय कारण 'तेव्हा हिरवंगार असतं'. माझं मत मार्च, कारण ऑफिसात तेव्हा मला कोणी अडवत नाही. तिकडचं कोणी असेल तर सांगा.

खेकडा_खाऊ

मगरी आहेत हे माहीत आहे ना?

वल्हंमारे_पाच

आहे. आईला माहीत नाही. कृपया तिच्यापर्यंत हा धागा पोचू देऊ नये.

सत्तरीचो_भुरगो

आमच्या गोव्यात म्हादईचं राफ्टिंग पावसाळ्यातच चालतं, वाळपईच्या बाजूला. बाकीचे महिने तिथे गुडघाभर पाण्यात दगड मोजायचे. तेव्हा पावसाला घाबरू नका, नदीला पाणी लागतं!

गोवळकोटचा

भुरग्या, म्हादईचा तो टप्पा डोंगरातला. तिथे राफ्ट, हेल्मेट, पट्टीचे गाइड. आमची वाशिष्ठी पावसाळ्यात काय करते ते २२ जुलै २०२१ ला सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वरून लोंढा आणि खालून भरती, मधल्या बाजारपेठेने जायचं कुठे? माझ्या घराच्या जिन्यावर अजून पुराची रेघ आहे, वरून आठवी पायरी. गणपतीनंतर लगेच असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांना ती रेघ बघायला बोलवा, चहा माझ्याकडून.

बाकी सविस्तर रात्री लिहितो. तुमच्या प्रश्नात एक गोम आहे. तुम्ही महिना विचारताय, खाडीत महिना निम्माच प्रश्न सोडवतो.

परतीचा_पाऊस

काकांचं येईपर्यंत दिवाळीबद्दल माझं. ऑक्टोबरात मी दोनदा कोकणातल्या खाड्यांत गेलोय (कयाक, कनू नव्हे). सकाळ स्वर्ग. भात पिवळं झालेलं, काठावर कापणी चाललेली. दुपारी बारानंतर अंगाची लाही, आणि तीन-चारला पूर्वेकडून सह्याद्रीच्या अंगाने काळं भरून येतं. पाऊस भिजवतो तेवढंच, पण वीज! खाडीच्या मधोमध सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमचं डोकं, आणि हातात अॅल्युमिनियमचं वल्हं. एकदा कांदळवनात तोंड खुपसून पाऊण तास बसलोय. दिवाळी उशिरा, म्हणजे नोव्हेंबरात असेल तर विचार करा, ऑक्टोबरात असेल तर फराळ करा.

कुंडलिकाकाठ

कोलाडचं नाव निघालं म्हणून. तुम्ही ज्या पाण्यावर मजा केलीत ते पाणी पावसाचं नव्हे, विजेचं. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं (ते वीजघर १९२७ पासून आहे) आणि यंत्रं फिरवून कुंडलिकेत सुटतं. म्हणून तिथे बारा महिने सकाळी राफ्ट निघतात. आम्ही धंद्यातले लोक 'सीझन कोणता' असं विचारत नाही, 'आज पाणी किती वाजता' असं विचारतो. चिपळूणला पण तोच प्रकार असणार, कोयना आहे ना वर.

गोवळकोटचा

बरोबर. आता बैठक मारून लिहितो. लांबेल.

कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यापर्यंत डबक्यांच्या होतात. वाशिष्ठी होत नाही, कारण तिला उसनं पाणी आहे. सह्याद्रीपलीकडे कोयनेत साठलेला पाऊस बोगद्यांनी पोफळीला उतरतो, वीज करतो, कोळकेवाडीच्या धरणात थांबून पुन्हा वीज करतो आणि अवजल म्हणून आमच्या नदीत येतो. कृष्णेच्या पाणीतंट्यातल्या लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली आहे. त्यामुळे मे महिन्यातही चिपळूणला नदी वाहती दिसते. पण विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं, उतरली की थांबतं. वरच्या अंगाला ते बघता बघता चढतं, म्हणून बहादूरशेखच्या पुलाच्या वर हौसेने जाऊ नका. गोवळकोटपासून खाली मात्र मालक बदलतो. तिथे राज्य भरती-ओहोटीचं.

गोवळकोट हे जुनं बंदर. दाभोळहून गलबतं भरतीवर बसून वर यायची आणि ओहोटीवर बसून खाली जायची. वारा नसला तरी चालायचं. तुम्हीही तेच करायचं. ओहोटीबरोबर निघालात तर वल्हं नुसतं दिशा द्यायला. उलट निघालात तर चार तास मारून बघा, काठावरचा तोच माड तुमच्याकडे बघत उभा असतो.

आता ओहोटी कधी हे कसं कळणार? मोबाइलवर तक्ते आहेत, पण माझ्या आजोबांची रीत सांगतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा मिळवले की ओहोटी, नऊ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, भरती सकाळी सहाला. शुद्ध-वद्य दोन्हींना हेच गणित. हे मुखाशी, म्हणजे दाभोळला. खाडीत आत याल तशी भरती उशिरा येते. गोवळकोटला तास-दीड तास तरी पुढे धरा.

दुसरी गोष्ट वारा. थंडीत पहाटेपासून नऊ-दहापर्यंत मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे तुमच्या पाठीवर. ऊन चढलं की तो पडतो आणि दुपारी खारा वारा सुटतो, समुद्राकडून, तोंडावर. मार्च-एप्रिल-मेमध्ये हा खारा वारा असा लागतो की हवेची होडी म्हणजे फुगाच, तोंड वळवून चिपळूणला परत आणून सोडेल. ताई, तुमचा मार्च म्हणून नको. शिवाय मार्चात शिमगा. करंजेश्वरीची पालखी बाहेर पडली की काठावरचं एक माणूस तुमच्या मदतीला मिळणार नाही आणि मिळालं तर ते शुद्धीत असेलच असं नाही.

तेव्हा महिना : डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य. आणि त्यात तिथी : पंचमी, षष्ठी, सप्तमी. षष्ठी घ्या. सहाची पाऊणपट साडेचार, दाभोळला पहाटे साडेचारला भरती. गोवळकोटला सहाच्या पुढेमागे पाणी टेकेल, थोडं थांबेल, मग वळेल. तुम्ही उजाडल्यावर सातला निघायचं. मतलई पाठीवर, ओहोटी पोटाखाली, साडेअकरापर्यंत मोकळे. दुपारचा वारा सुटायच्या आत काठावर जेवायला.

पौर्णिमा-अमावास्येला निघू नका. तेव्हा उधाण, भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळभर पाणी तुमच्या विरुद्ध. आणि ओहोटी लागेल तेव्हा खारा वारा विरुद्ध. प्रवाह एकीकडे, वारा दुसरीकडे, पाणी असं उकळल्यासारखं उभं राहतं. अष्टमीला भांग, पाण्याला ओढच कमी. पंचमी ते सप्तमी म्हणजे ओढ थोडी उरलेली आणि वेळ सोयीची.

तर्कट

म्हणजे निघायला मुहूर्तच काढायचा की! एकविसाव्या शतकात पंचांग बघून होडीत बसा म्हणे.

गोवळकोटचा

पंचांग नको असेल तर चंद्राकडे बघा. तोही चालेल. तोच ओढतो.

तर्कट

ठीक. हे मान्य. पण शनिवार-रविवारी षष्ठी यायला किती वर्षं थांबायचं?

गोवळकोटचा

पौर्णिमा किंवा अमावास्या रविवारी-सोमवारी पडली की पुढच्या शनिवार-रविवारी पंचमी-षष्ठी नाहीतर षष्ठी-सप्तमी पडते. एखाद्या तिथीचा क्षय असेल तर इकडेतिकडे. शक्यतो वद्य पक्ष घ्या, पहाटे सामान बांधताना डोक्यावर चंद्र असतो. शुद्ध षष्ठीचा मध्यरात्रीच मावळतो, मग बॅटऱ्या तोंडात धरून होड्या फुगवा.

ओंटारियोतला_बाप्या

वाचून मजा आली. आमच्याकडे प्रश्न वेगळा, भांडण तेच. मी टोरंटोत असतो, दरवर्षी अल्गॉनक्विन पार्कात कनू घेऊन जातो. तिथे एप्रिल संपता संपता नाहीतर मेच्या सुरुवातीला तळ्यांवरचा बर्फ जातो आणि नवशिके लगेच धावतात, ऊन पडलंय म्हणून. हवा छान असते, पाणी नुकतं बर्फाचं. त्या पाण्यात उलटलात तर हातपाय काही मिनिटांत ऐकेनासे होतात, पोहता येणं-न येणं सारखंच. मे मध्यापासून जूनभर काळ्या माश्या. डास परवडले. कानामागून रक्त येईपर्यंत चावतात. जुलै-ऑगस्टला माणसांची गर्दी. जुनी खोडं गुपचूप सप्टेंबरात जातात : पाणी उन्हाळाभर तापलेलं, माश्या मेलेल्या, पोरं शाळेत, मेपल तांबडे व्हायला लागलेले. मलाही हे चौथ्या वर्षी कळलं. पहिल्या तीन वर्षांच्या खुणा मानेवर आहेत.

हवेची कनू खाडीत नेताय त्याबद्दल एकच : सामान मधोमध आणि खाली ठेवा. नाकाड वर उचललं गेलं की वारा त्यालाच धरतो.

वल्हंमारे_पाच

काका, तुमची पोस्ट छापून फ्रिजवर लावली आहे. नाताळवाला खूश आहे, गणपतीवाला रुसलाय. पण खेकडा_खाऊंचा प्रश्न तसाच राहिला.

नदीकाठची_ताई

मगरींबद्दल मी लिहिते, पक्षी-प्राणी बघत त्या खाडीत बरीच फिरले आहे.

वाशिष्ठीतली मगर ही गोड्या पाण्यातली, भितरकनिकेतली खाऱ्या पाण्याची ती भयंकर जात नव्हे. तरी ती मगरच. मालदोलीच्या बाजूला लोक तिला बघायलाच येतात. थंडीत ती गार पडलेली असते, खातेही कमी, आणि ऊन आलं की ओहोटीने उघड्या पडलेल्या गाळावर पसरते. म्हणजे थंडीत ती दिसते जास्त आणि तुमच्या वाटेला जाते कमी. फेब्रुवारीपासून माद्या काठावर खड्डे करून अंडी घालतात, एप्रिलपर्यंत हे चालतं. पिल्लं पावसाच्या तोंडाला बाहेर येतात. त्या काळात काठावरच्या मादीच्या जवळ जाणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत न विचारता शिरणं. मार्च नको याला हे माझ्याकडून आणखी एक कारण.

पाळायचं ते एवढंच : अंधारात पाण्यावर राहायचं नाही, हातपाय बाहेर लोंबकळत ठेवायचे नाहीत, मासे साफ करून आतडी होडीच्या कडेला टाकायची नाहीत, गाळावर मगर दिसली की नदीची दुसरी बाजू धरायची. फोटोसाठी जवळ जायचं नाही. १९७२ च्या कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हुसकावणं हा गुन्हा आहे.

आणि थंडीत परदेशचे पाहुणे पक्षी असतात, ते मेमध्ये कुठून दाखवणार?

खेकडा_खाऊ

एवढं सगळं वाचून मी काठावर बसून तिसऱ्या खायचं ठरवलंय.

कुंडलिकाकाठ

लाइफ जॅकेटचं कोणी बोललं नाही. मी एका ठिकाणी (नाव घेत नाही, कोलाड नव्हे) पाहुणा म्हणून गेलो तर जॅकेटांची बक्कलं तुटलेली आणि त्यांना सुतळी बांधलेली. स्वतःची घ्या. घातल्यावर कोणालातरी खांद्यावरून वर ओढायला सांगा, हनुवटीच्या वर आलं तर ते जॅकेट नाही, उशी आहे.

वल्हंमारे_पाच (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतेय. जाऊन आलो. पौष वद्य षष्ठी-सप्तमी, शनिवार-रविवार. काकांनी सांगितलेलं सगळं पाळलं, एक गोष्ट सोडून. ती शेवटी.

शुक्रवारी रात्री चिपळूणला उतरलो. शनिवारी पहाटे पाचला गोवळकोटच्या धक्क्यावर. डोक्यावर अर्ध्याहून मोठा चंद्र, बॅटरी पेटवावीच लागली नाही. पंपाचा फुस-फुस आवाज ऐकून दोन कुत्री आणि एक आजोबा आले. आजोबांनी होडीला बोट लावून बघितलं आणि 'काटा लागला तं?' एवढंच विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं, ठिगळं होती.

सव्वासहाला पाणी काठोकाठ आणि स्तब्ध. एक माडाची झावळी धक्क्याजवळ तरंगत होती, मी तिच्यावर नजर ठेवून बसले. साडेसहा, जागची हलली नाही. पावणेसातला तिचं टोक वळलं. मग ती अगदी सावकाश, कोणी हाक मारल्यासारखी, दाभोळच्या दिशेने चालायला लागली. आम्ही सात वाजता तिच्या मागे निघालो.

धुकं इतकं की पुढची होडी दिसत नव्हती, वल्ह्याचा आवाज ऐकून अंतर राखत होतो. पाठीवर गार वारा. हाच मतलई, काका? आठ-साडेआठला धुकं फाटलं आणि दोन्ही काठ एकदम उघडे पडले, हिरवी कांदळं, मागे कौलं, त्यामागे डोंगर. मगरी चार पाहिल्या, सगळ्या गाळावर, सगळ्या आमच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करणाऱ्या. दुपारी साडेबाराच्या आधी करंबवण्याच्या पुढे होतो. हात दुखले नाहीत, खरं सांगते. पवनेत तासाभरात जेवढे दुखायचे तेवढेही नाहीत. दोनला जेवून ओट्यावर पडलो तर खाडीवर पांढरी फेसाची टोकं उठलेली, वारा पार उलटा. मार्च म्हणणारी मी, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता चूक. रविवारी सगळं तसंच मस्त चाललेलं. दहाला एकाला चहाची तल्लफ आली. काठाला लागलो, होड्या जेमतेम अर्ध्या बाहेर ओढल्या, स्टोव्ह पेटवला, गप्पा. अर्ध्या तासाने वळून बघतो तर पाणी नाहीच. म्हणजे होतं, पण तीस-चाळीस पावलं लांब, आणि मध्ये चकचकीत काळा गाळ. ओहोटी आपल्यासाठी काम करते हे इतकं डोक्यात बसलेलं की ती आपल्याला सोडूनही जाते हे विसरलो. आमच्यातला सगळ्यात वजनदार गडी 'मी ओढतो' म्हणून उतरला आणि मांडीपर्यंत गेला. वल्ही आडवी टाकून, त्यावर झोपून, दोघांनी त्याला उपसून काढला. डावा बूट आला नाही.

पलीकडे एक बाई कालवं काढत होत्या. त्यांनी हसून घेतलं आणि म्हणाल्या, "पानी काय तुमच्यासाठी थांबतंय व्हय? बसा आता दोन वाजंपरत."

दोनपर्यंत बसलो. त्यांनी दिलेली कालवं भाजून खाल्ली, तक्रार नाही. पाणी आलं तेव्हा खारा वाराही आला होता, आणि भरतीही समोरून. अर्धा तास वल्ही मारली, काका, आणि तुमचा तो माड आम्हाला भेटला. तोच. जागचा न हलणारा. शेवटी पुढच्या धक्क्याला लागलो, होड्यांतली हवा सोडली आणि टेम्पोतून दाभोळला पोचलो. फेरीबोट समोर सुटत होती, तिच्यात बसून उगाच धोपाव्याला जाऊन परत आलो, मुखाशी पोचल्याचं समाधान म्हणून.

म्हणजे शेवटचे आठेक किलोमीटर बाकी आहेत. पुढच्या थंडीत वद्य षष्ठीलाच, चहा थर्मासमध्ये.

ता.क. बूट करड्या रंगाचा, नऊ नंबर.

गोवळकोटचा

षष्ठीला नाही मिळायचा. अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हा त्या बाजूला कालवांना जाणाऱ्या बायकांना सांगून ठेवतो.

खेकडा_खाऊ

मिळाला तर आत खेकडा असेल. तो माझा.